शाब्बास रे माझ्या वाघा!

पत्राचा गोषवारा: नागपूरच्या दक्षिणेला नव्याने वसलेल्या एका लेआउटमधून एका आईने लिहिलं आहे. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत, वाघाच्या पार वेडात. भिंतीवर वाघ, दप्तरावर वाघ, ताडोबा-पेंचच्या वाघिणींची नावं तोंडपाठ. शाळेत ‘वाघ वाचवा’ चित्राला पहिलं बक्षीस. उन्हाळ्यात ती त्याला घेऊन माहेरी गेली. माहेर उमरेड तालुक्यात, कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेला. भावाकडे थोडी शेती, एक बैलजोडी, दोन गाई. थंडीत वाघाने त्यांची कालवड मारली होती. बारा वर्षांचा मामेभाऊ म्हणाला, “वाघाले गोळीच घालाले पायजे.” मुलगा उसळला, “तुम्ही लोक जंगलात राहताच कशाला? जंगल वाघाचं आहे.” हे वहिनीच्या कानावर पडलं. तेव्हापासून तिचा फोन नाही, भाऊही कामापुरतंच बोलतो. मग श्रावणात, नागपंचमी होऊन आठवडाही झाला नव्हता, लेआउटमध्ये धामण निघाली आणि पोरांनी-मोठ्यांनी मिळून ती मारली. मुलगा धापा टाकत घरी आला आणि एक्केचाळीस सेकंदांचा व्हिडिओ दाखवू लागला. पहिला दगड त्याचा. व्हिडिओत शेजारच्या काकांचा आवाज आहे: “शाब्बास रे माझ्या वाघा!” आई विचारते, भाच्याच्या मनातला वाघाचा द्वेष कसा काढू? आणि माझा निसर्गप्रेमी मुलगा असा दुटप्पी कसा निघाला? शाळेत हे शिकवतच नाहीत का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी शेजारच्या काकांच्या वाक्याशी अडकले. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच वाक्यात आहे. म्हणून तो प्रश्न आधी घेते.

तुमचा मुलगा मला दुटप्पी वाटत नाही. उलट फार आज्ञाधारक वाटतो. शाळेतल्या मोठ्यांना वाघाचं चित्र हवं होतं, त्याने ते छान काढलं, बक्षीस मिळालं. लेआउटमधल्या मोठ्यांना साप मेलेला हवा होता, त्याने पहिला दगड मारला, शाबासकी मिळाली. दोन्हीकडे त्याने मोठ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना हवं ते केलं. त्याचं स्वतःचं मत या दोन्हींत कुठे आहे, हे त्याला अजून कोणी विचारलेलंच नाही.

मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं. ‘वाघ वाचवा’, ‘झाडे लावा’, ‘पाणी अडवा’ अशा चित्रस्पर्धा मीच भरवल्या आहेत, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे. पाचवी-सहावीच्या वर्गाला विचारा, ‘वन्यप्राण्यांचं रक्षण केलं पाहिजे का?’ साठच्या साठ हात वर जातात. मुलांना परीक्षा कळते. कुठल्या उत्तराला मार्क आहेत ते त्यांना आपल्या आधी कळतं. मी एकदा त्याच तासाला पुढचा प्रश्न विचारला होता, ‘घरात पाल दिसली तर काय करता?’ वर्ग फुलून आला. झाडूने, चपलेने, गरम पाण्याने, एकाने तर शेपूट तुटून वळवळते कशी ते बेंचवर बोट वळवून करून दाखवलं. सगळे हसले. मीही हसले होते, हे कबूल करते.

तेव्हा शाळेत शिकवत नाहीत असं नाही. तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, पुढे विज्ञानात अन्नसाखळी आहे, जैवविविधता आहे. शिकवतात. पण धडा पुस्तकातल्या वाघाबद्दल असतो, आणि मूल राहतं पाल, साप, वटवाघूळ, मुंग्या यांच्यात. या मंडळींबद्दलचा धडा त्याला घरी मिळतो, आणि तो बहुधा ‘शी!’ या एका अक्षराचा असतो. रागावू नका, पण विचारते: तुमच्या घरात पाल निघाली की पहिली किंचाळी कोणाची असते?

२००२ साली केंब्रिजच्या काही संशोधकांनी इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना दोन प्रकारची चित्रं दाखवली. एक त्यांच्याच देशातल्या प्राण्या-झाडांची, दुसरी पोकेमॉनची. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन कितीतरी जास्त ओळखले. तुमच्या मुलाला पाठ असलेली वाघिणींची नावं मला थोडी त्या जातीची वाटतात. त्यात वाईट काही नाही, लहानपणी असं वेड हवंच. पण एक गंमत करून पाहा. सकाळी त्याला गच्चीवर न्या आणि अर्ध्या तासात दिसतील त्या पक्ष्यांची नावं विचारा. तुमच्याकडे अजून मोकळे प्लॉट आहेत म्हणजे टिटवी असणार, साळुंकी, दयाळ, वेडा राघू, नशीब असेल तर भारद्वाज. त्याला किती येतात ते पाहा. तुम्हाला किती येतात तेही.

वयाचा एक फायदा तुमच्या बाजूने आहे. अमेरिकेतले स्टीफन केलर्ट यांनी १९८०च्या दशकात मुलांच्या प्राण्यांविषयीच्या वृत्तीचा अभ्यास केला. त्यात ढोबळपणे असं दिसलं की सहा ते नऊ वर्षांत मुलांचा प्राण्यांबद्दलचा जिव्हाळा वाढतो, दहा ते तेरात माहिती आणि समज वाढते, आणि बरं-वाईट, न्याय-अन्याय यांचा विचार त्यानंतर येतो. आपण अकराव्या वर्षी त्याच्याकडून तिसऱ्या पायरीची अपेक्षा करतो आणि दुसरीवर त्याला पोस्टर देतो. या वयाला ठोस माहिती लागते, भरपूर आणि खरी.

तर धामणीची माहिती द्या. धामण बिनविषारी. चपळ, दिवसाढवळ्या फिरणारी, पाच-सात फूट सहज वाढणारी, म्हणून बघणाऱ्याचा थरकाप उडतो. तिचं मुख्य खाणं उंदीर. ती गाई-म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते ही नुसती गोष्ट आहे, सापाला दूध ओढताच येत नाही. लेआउटमध्ये ती का आली याचं उत्तर बहुधा कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये सापडेल. कालपर्यंत तिथे शेत होतं, आज गाजरगवत आणि घराघरांतून फेकलेल्या पिशव्या आहेत. पिशव्यांमागे उंदीर आले, उंदरांमागे ती. मुलाला तो प्लॉट दाखवा, लांबून. ओरडू नका, ‘तू पाप केलंस’ म्हणू नका. नागपंचमीला आजीने पाटावरच्या नागाला लाह्या वाहिल्या आणि आठवड्याच्या आत हे झालं, असा टोमणाही नको. ती विसंगती त्याची नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

आणि भीतीची लाज वाटू देऊ नका. सापाला घाबरणं शहाणपणाचंच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार खरोखर जीव घेणारे आहेत, आणि मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी कवड्या तर मोठ्यांनाही चकवतो. म्हणून ओळख शिकवताना नियमही त्याच दमात सांगा: साप दिसला की मागे सरकायचं, बाकीच्यांना मागे सारायचं, मोठ्या माणसाने लांबून नजर ठेवायची आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करायचा. पकडायचा नाही, डिवचायचा नाही. दगड मारायला गेलं की माणूस सापाच्या टप्प्यात जातो, तुमचा मुलगा त्या दिवशी गेलाच होता. आणि एक नवीन धोका: हातात नाग धरून रील करणारे वीर. आज दगड मारणारं पोर उद्या त्या वीराची नक्कल करू शकतं, कारण टाळ्या तिथेही आहेत. साप चावलाच तर झाडफूक नाही, चिरा नाही, आवळून बांधणं नाही, सरळ मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठायचं. सापांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, हे काकांना सांगायला हरकत नाही. मुलाला मात्र कायद्याचा धाक घालू नका. त्याला उंदरांचा हिशेब जास्त पटेल.

आता भाच्याकडे येते.

तुम्ही विचारता, त्याच्या मनातला द्वेष कसा काढू. ताई, तो द्वेष आहे असं कशावरून? ज्या पोराने कालवडीला गूळ चारला, तिच्या गळ्यात घुंगरू बांधलं, तिला दाव्याला धरून नाल्यावर नेलं, त्याने एका सकाळी तिचं काय उरलं ते पाहिलं. त्यानंतर तो ‘गोळी घाला’ म्हणाला. दुःखात माणूस काय काय बोलतो. त्या वाक्याला मत समजून तुमच्या मुलाने वाद घातला, हे त्याच्या वयाला धरून झालं. पण तुम्हीही त्याला मतच समजलात. सांत्वन करायचं राहून गेलं.

पंचनामा झाला, वनखात्याचे पैसेही मिळाले, असं तुम्ही लिहिलं आहे. ते चांगलंच. पण पैसे त्या दिवशीच्या कालवडीचे मिळतात. दोन वर्षांनी ती गाय झाली असती, तिचं दूध, तिचं वासरू, याचा रकाना कुठल्या पंचनाम्यात नसतो. वहिनी गप्प झाली ती या हिशेबावर, आणि त्यावर नणंदेच्या पोराने ‘तुम्ही इथे राहताच कशाला’ म्हटलं.

त्या वाक्याला उत्तर द्यायला हवं, आणि ते तुमच्या मुलाला आवडेल अशा पद्धतीने देता येईल. त्याला ‘जय’ हा वाघ माहीत असणारच. २०१३ मध्ये तो नागझिऱ्याहून निघून उमरेड-कऱ्हांडल्यात आला, शंभराहून अधिक किलोमीटर. मुलाला नकाशा काढून बसवा आणि म्हणा, दाखव हा कुठून आला असेल. नागझिरा इथे, उमरेड इथे. मध्ये काय आहे? शेतं, कालवे, रस्ते, गावं. तो गावांच्या शेजारून आला, आणि त्या रात्री कोणाचं तरी कुत्रं भुंकलं असेल, कोणीतरी दार लावून घेतलं असेल, आणि वाघ पुढे गेला. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यही त्याच सुमाराचं. म्हणजे तुमचा भाचा आणि ते अभयारण्य जवळजवळ एका वयाचे. भावाचं गाव जंगलात राहायला गेलेलं नाही. ते आधीपासून तिथे होतं, अभयारण्याची हद्द त्याच्या कुंपणापर्यंत आली.

आणखी एक आकडा त्याला द्या, त्याच्याच आवडीचा. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात वाघांचा अंदाज १०३ होता, २०२२ मध्ये ४४४. आपण नागपूरकर ‘टायगर कॅपिटल’ म्हणून कॉलर ताठ करतो ती या वाढीवर. हे वाढलेले वाघ आपल्या धरमपेठेत नि मनीषनगरात राहायला आलेले नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात आयटी पार्कच्या बाजूला एक बिबट्या दिसला तर आपण आठवडाभर मुलांना खाली खेळायला सोडत नव्हतो. भाच्याच्या आईला मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जावं लागत असेल, मे महिन्यात तेंदूपाला. खाली वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, त्या दिवसांत हल्ले होतात त्याचं हे एक कारण. हे सगळं त्या बारा वर्षांच्या पोराला माहीत आहे. वानर खाकरलं की कुठल्या बाजूला बघायचं, हेही त्याला कळत असेल. तुमच्या मुलापेक्षा वाघ त्याला जास्त ठाऊक आहे, आवडत नाही इतकंच.

आवडण्याचंही सांगते. २०२४ च्या शेवटच्या दिवशी त्याच अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्हीकडून अडवलं. फोटो सगळीकडे फिरले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्सींमध्ये बसलेले सगळे वाघप्रेमीच होते. पैसे भरून, पहाटे उठून आलेले. मुलाबरोबर ती बातमी वाचा आणि काही न बोलता त्याला एवढंच विचारा, तू त्या गाडीत असतास तर ड्रायव्हरला ‘मागे घ्या’ म्हणाला असतास का? लगेच ‘हो’ म्हणाला तर त्या ‘हो’वर फार विसंबू नका. साठ हात आठवा.

माझा भर आहे तो इथे. मुलाच्या प्रेमाला थोडी किंमत पडू द्या. मोठी नाही, अकरा वर्षांच्या खिशाला झेपेल एवढी. आपल्या नागपुरात त्याची वेळ ठरलेली आहे: संक्रांत. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी तो पोरांच्या चक्रीवर असतोच. साध्या धाग्याने उडवलं की ‘ओ काट!’ दुसऱ्याच्या गच्चीवरून ऐकू येतं. मी नागपुरातल्या महाल भागातली, पतंग माझ्याही रक्तात आहे, म्हणून सांगते, हे हरणं फार झोंबतं. एका संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ‘शुक्रवारी तलावा’च्या काठी पिंपळाला एक ढोकरी बगळा लटकलेला पाहिला होता. पंख उघडा, मांजा खांद्याच्या सांध्यात रुतलेला, आणि तो अधूनमधून मान वळवून त्या धाग्याला चोचीने टोचत होता. अग्निशमनची शिडी येईस्तोवर अर्धा तास गेला. पुढे त्याचं काय झालं ते कळलं नाही. अशा पक्ष्यांवर सेमिनरी हिल्सवरच्या वनखात्याच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये उपचार होतात. मुलाला ते सांगा, आणि मग निर्णय त्याच्यावर सोडा. त्याने साधा मांजा निवडला आणि दिवसभर पतंग कटवून घेतले, तर त्या संध्याकाळी तिळगुळाबरोबर त्याला शाबासकी द्या. नायलॉनचाच हट्ट धरला तर तो आणून देऊ नका, पण भाषणही देऊ नका. पुढच्या वर्षी पुन्हा संक्रांत येते.

हे वाचणाऱ्या शिक्षकांसाठी दोन ओळी. चित्रस्पर्धा ठेवा, मुलांना रंग आवडतात. विषय तेवढा बदला. ‘आमच्या शाळेच्या भिंतीवर राहणारे’ असा विषय दिला तर मुलं आधी भिंतीकडे जातील. ५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावावर सकाळी सहाला वीस मुलं नेणं कुठल्याही सफारीपेक्षा स्वस्त पडतं. आणि सहल पेंचला जाणारच असेल, तर मनसर सोडल्यावर खवाशाकडे जाताना बस हळू करायला सांगा. हायवे जिथे उंच खांबांवर उचलला आहे तिथे खालून प्राणी जातात, तिथल्या कॅमेऱ्यांत वाघही टिपले गेले आहेत. आपल्या चाकांखालून वाघ जातो म्हटल्यावर बसमध्ये काय शांतता पसरते, ते मी अनुभवलं आहे.

ताई, आता तुमच्यापुरतं. वहिनीला फोन तुम्ही करा, आजच. मुलाकडून ‘सॉरी’ म्हणवून घेऊ नका, घोकलेलं सॉरी फोनवरही ओळखू येतं. तुम्ही स्वतः कालवडीबद्दल विचारा, उशिरा का होईना. आणि पोळ्याला माहेरी येतो म्हणून सांगून टाका. तुमचा मुलगा कुरकुरेल, त्याला दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक आणि तान्हा पोळा बुडेल याची काळजी असेल. पोळा फुटला की रात्रीच्या एसटीने परत या, म्हणजे मारबत चुकणार नाही.

पण आदल्या संध्याकाळीच पोचा, खांदमळणीला. त्या घरात कालवड नाही, बैलजोडी आहे. नांगराच्या जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ ते कसं चोळायचं, किती जोर लावायचा, बैलाने मान हलवली तर कुठे उभं राहायचं, हे तुमच्या मुलाला येत नाही. भाच्याला येतं. त्याला म्हणा, याला शिकव रे जरा. आणि तुम्ही चहाला आत जा.